सुमतीसाठी मिस्सा

गुरुवारची रोझरी, म्हणजे मारियामातेची जपमाळ, आमच्या घरी धावत म्हटली जायची. बाकीचे सहा दिवस आजोबा ती निवांत चालवत. प्रत्येक रहस्याआधी, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या टप्प्याआधी, थांबायचं, गावातल्या आजाऱ्यांची नावं घ्यायची, आखातात गेलेल्यांची घ्यायची. शेजारच्या रेमेदमावशीच्या गाभण म्हशीच्या वाट्यालाही एखादी 'नमो मारिया' यायची. गुरुवारी मात्र साडेसातला टीव्हीवर 'बिऱ्हाड नंबर अकरा' लागायचं, आणि त्या दिवशी आजाऱ्यांनी आपलं आपण बघून घ्यायचं. सातला गुडघे टेकले की सात-वीसला उठलेच पाहिजेत. दहाच्या जागी आठच 'नमो मारिया' होत असाव्यात असा मला दाट संशय होता, पण मण्यांची माळ आजोबांच्या हातात, तेव्हा बोलणार कोण? आई तेवढी हळूच म्हणायची, बाबा, मारियामातेला दम लागेल. आजोबा डोळे न उघडता पुढची सुरू करायचे.

घरात आम्ही तिघंच. माझे आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील, गावाचे पास्कूबाबा. माझी आई मार्था. आणि मी लुसी, जिला आजोबा 'लुशे' म्हणत आणि रागावले की पूर्ण बाप्तिस्म्याच्या नावाने हाक मारत. पप्पा मी सात वर्षांची असताना काविळीने गेले. घर वसईत, निर्मळच्या पुढे, केळीच्या वाडीत. मागे बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं आमचं तळं, पुढे ओटी, आणि ओटीवर आईचं शिवणाचं मशीन. गावातल्या निम्म्या नवरीमुलींचे लग्नाचे गाऊन आणि सगळ्या पोरींचे पहिल्या कम्युनियनचे फ्रॉक त्या मशीनवर झाले. सकाळी मला जाग यायची ती त्या खडखडाटाने, आणि तो थांबला की समजायचं, आता चहा होणार. आमची घरची बोली वेगळी आहे. ती इथे लिहायला मला फार आवडलं असतं, पण मग तुम्ही दर ओळीला माझ्याकडे अर्थ विचारायला याल, आणि या वयात माझ्याच्याने तेवढा चहा करवत नाही. म्हणून शाळेतल्या मराठीत लिहिते आहे. आईचं बोलणं मूळचं याहून पुष्कळ तिखट होतं, एवढं ध्यानात ठेवा.

टीव्ही कुवेतच्या मामाने आणला. काळापांढरा, लाकडी पेटीतला, आणि वर आईने शिवलेलं झालरीचं झाकण, कारण आमच्याकडे उघडं काहीच ठेवत नाहीत. ॲंटेना कौलांवर बांबूला बांधलेली. तिच्यावर कावळे बसायचे, ती फिरायची, आणि पडद्यावर मुंग्या धावायच्या. मग आग्नेलकाकांना बोलवावं लागे. ते किल्ल्याकडच्या कोळीवाड्यातले, स्टेशनजवळच्या एका विजेच्या दुकानात कामाला, चाळिशी उलटलेले, बिनलग्नाचे. आईवडलांचं आजारपण काढता काढता लग्न राहून गेलं म्हणत. पुढेपुढे बोलवावंही लागेना. गुरुवारी सहाच्या सुमाराला सायकल लावून ते आपणहून कौलांवर चढायचे. मी टीव्हीपुढे, आई मागच्या दारात, काका वर. मी ओरडायची, "आलं!" आई वर बघून सांगायची, "आलं म्हणतेय." मी ओरडायची, "गेलं!" आई सांगायची, "गेलं म्हणतेय." दोन वर्षं त्या दोघांचं माझ्या देखत एवढंच बोलणं झालं. खाली उतरले की काका तांब्याभर पाणी मागत, 'पानी' म्हणत, आणि मी तोंड दाबून हसायची.

साडेसातला ओटी माणसांनी भरायची. रेमेदमावशी आपला पाट घेऊन यायची, कारण आमच्या पाटावर तिची कंबर दुखे. मागून तिचा मुलगा, दोन सुना, वाडीतली पोरंटोरं. आई परातभर फुगे तळून ठेवायची, ताडीत आंबवलेल्या पिठाचे, टम्म फुगलेले. नसले तर सुकेळी, आमच्याच राजेळी केळ्यांची, आजोबांनी उन्हात वाळवलेली, मधासारखी गोड आणि दाताला चिकटणारी. सुकेळी तोंडात असताना हसू आलं तर पंचाईत होते. आणि हसू तर यायचंच.

मालिका साधी होती. मुंबईतली एक सोसायटी, तिच्यातलं अकरा नंबरचं बिऱ्हाड. त्यात राहतात निवृत्त पोस्टमास्तर भाऊसाहेब आणि त्यांची विधवा सून सुमती. समोरच्या बिऱ्हाडात एक नाक खुपसणाऱ्या बाई, त्यांना सगळे 'दहा नंबर' म्हणत. दर आठवड्याला काहीतरी घोळ व्हायचा आणि त्या घोळात एखादा असा विषय यायचा, की जो चर्चमध्ये आला तर सगळे खोकायचे आणि पंचायतीत आला तर सगळे उठून जायचे. आमच्या ओटीवर मात्र कोणी उठायचं नाही, कारण पुढचा विनोद चुकला असता. हुंड्याचा भाग मला अजून आठवतो. मुलाकडचे यादी घेऊन येतात. भाऊसाहेब चष्मा लावतात, मुलाला उभं करतात, दात बघतात, पाठीवर थाप मारतात आणि विचारतात, नांगराला चालतो का? आम्ही गडबडा लोळलो. सगळ्यात मोठ्याने हसली ती रेमेदमावशी. मग एकदम गप्प झाली. तिच्या धाकट्याचं लग्न ठरत होतं आणि कपाटापासून पंख्यापर्यंतची यादी तिच्या ब्लाउजात होती. ती यादी पुढे मुलीकडे गेली नाही. मावशी म्हणाली, हरवली. आम्ही कोणी शोधायला गेलो नाही.

दुसऱ्या एका भागात दहा नंबर बाई झाडूवालीसाठी वेगळा पेला ठेवतात, आणि चुकून त्याच पेल्यातून स्वतःच सरबत पितात. त्यावर आम्ही फार मोठ्या मनाने हसलो. आम्ही ख्रिस्ती, आमच्यात जात नसते, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. ते सांगून झाल्यावर रेमेदमावशीने धाकट्याच्या होणाऱ्या बायकोबद्दल आईला कानात सांगितलं की मुलगी आपल्यातलीच आहे हो, ते लांबचे नाहीत.

सगळंच काही त्या मालिकेला साधत होतं असं नाही. तळमजल्यावर त्यांनी एक ख्रिस्ती म्हातारा ठेवला होता. डोक्यावर हॅट, हातात बाटली, आणि मराठी असं की ऐकणाऱ्याने कान धुवावेत. आजोबा चिडायचे. त्यांनी आयुष्यात हॅट घातली नव्हती, आणि ताडी प्यायचे ती सकाळची, गोड, औषध म्हणून. त्यांनी मला समोर बसवून दूरदर्शन केंद्राला पोस्टकार्ड लिहायला लावलं: आम्ही वसईचे, आमचे पूर्वज इथेच मराठीत रडले आणि मराठीत हसले, तरी आपला म्हातारा सुधारावा. उत्तर आलं नाही. पण दोन महिन्यांनी एका भागात तो म्हातारा शुद्धीवर होता, आणि आजोबांनी त्याचं सगळं श्रेय पोस्टकार्डाला दिलं. माझी नात परवा म्हणाली, आजी, हे तर प्रॉब्लेमॅटिक आहे. मी म्हटलं, बाई, आम्हाला तेव्हा हा शब्द माहीत नव्हता, म्हणून आम्ही पोस्टकार्ड लिहिलं.

आता सुमतीकडे येते. भाऊसाहेबांच्या मनात आलं की सुनेचं दुसरं लग्न लावून द्यावं. तिच्या ऑफिसातला एक सरळ माणूस तिला मागणी घालतो. दहा नंबर बाई सोसायटीची सभा भरवतात. भाऊसाहेब सभेत विचारतात, माझी बायको गेली तेव्हा तेराव्याच्या जेवणातच तुम्ही मला तीन स्थळं सांगितलीत, मग हिला का नाही? आम्ही हसलो आणि लगेच डोळे पुसले. सुमती काही उत्तर देईना. भाग संपला. पुढच्या गुरुवारीही तिने उत्तर दिलं नाही. मला जेवण जाईना. मी सोळा वर्षांची, दहावीचं वर्ष, आणि मला भूमितीपेक्षा सुमतीची काळजी जास्त. शेवटी मीच आजोबांना म्हटलं, आपण सुमतीसाठी मिस्सा सांगू या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे कोणाच्या आजारपणासाठी, परीक्षेसाठी, मेलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, सांगतात. हेतू चिठ्ठीवर लिहून चर्चच्या ऑफिसात द्यायचा आणि फादर तो वेदीवरून वाचून दाखवतात. आजोबांना कल्पना एकदम पटली. चिठ्ठी मीच लिहिली, माझ्या सुवाच्य अक्षरात. फादर नवे होते, त्यांच्या बंगल्यात टीव्ही नव्हता. रविवारच्या मोठ्या मिस्साला त्यांनी गंभीर आवाजात वाचलं: "आजची मिस्सा पास्कू यांच्याकडून, सुमतीच्या लग्नातल्या अडचणी दूर व्हाव्यात आणि तिने होकार द्यावा म्हणून." मग बायकांच्या बाकावरून कोणीतरी फिसकलं. हसू एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेलं, पुरुषांकडे पोचलं, गायकवृंदात शिरलं. ऑर्गनवाल्याची बोटं घसरली. आजोबा मात्र हात जोडून ताठ उभे होते. त्यांच्या दृष्टीने त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. अडचण होती, मिस्सा सांगितली. आईने पदर तोंडात कोंबला होता.

ही सुमती कोण ते बघायला फादर पुढच्या गुरुवारी आमच्याकडे आले. नशीब बघा, नेमका त्या दिवशी सुमती बाजूला राहिली आणि भाग निघाला कुटुंबनियोजनाचा. सहा पोरांचा बाप दवाखान्याच्या दारातून तीनदा पळून येतो. ओटीवरचं एकही माणूस टीव्हीकडे बघत नव्हतं, सगळे फादरांकडे बघत होते. फादरांनी सुकेळं तोंडात घातलं होतं, ते त्यांना गिळवेना आणि हसवेना. शेवटी त्यांनी पाणी मागितलं आणि पाणी पिता पिता ते इतके हसले की झग्यावर सांडलं. त्यानंतर ते गुरुवारी नेमाने येऊ लागले. प्रवचनात त्यांनी त्या विषयावर आधी काही म्हटलं नव्हतं आणि नंतरही म्हटलं नाही.

त्याच्या पुढच्या आठवड्यात सुमती हो म्हणाली. मी उडीच मारली. टाळ्या पिटल्या, रेमेदमावशीला धरून गोल फिरवलं, तिचा पाट उलथला. मिस्सा पावली, मिस्सा पावली, असं मी ओरडत होते. आई नेहमीप्रमाणे आतल्या दारात कुणाच्या तरी फ्रॉकची झालर दुमडत बसली होती. तिने वर बघितलं, इतकंच मला आठवतं.

त्यानंतरच्या सोमवारी, रोझरी निवांत चालली असताना, आजोबांनी चौथ्या रहस्याआधी नेहमीसारखी नावं घेतली. आजारी झाले, आखातातले झाले. मग त्याच आवाजात ते म्हणाले, "आणि आमच्या मार्थीसाठी आणि आग्नेलसाठी. त्यांच्या लग्नाला परमेश्वराने आशीर्वाद द्यावा." आणि 'नमो मारिया' सुरू केली. अर्धी ते म्हणतात, उरलेली अर्धी आम्ही म्हणायची. आईने म्हटली. माझं तोंड उघडलंच नाही.

मला राग आला. साधा नाही, असा आला की कान गरम झाले. माझ्या पप्पांच्या फोटोखाली बसून हे! आणि कोण, तर तो कौलांवर चढणारा माणूस! मी त्या रात्री जेवले नाही, दुसऱ्या दिवशी आईने केलेलं वालाचं बिरडं मांजरीला घातलं, आणि गुरुवारी काका आले तर टीव्हीपुढे उभी राहून एक शब्द बोलले नाही. ते वर बांबू धरून विचारत होते, आलं का, आलं का. आई दारात उभी होती, माझ्याकडे बघत. शेवटी ते उतरले, पाणी न मागता सायकल घेऊन गेले, आणि पुन्हा आले नाहीत. मला वाटलं, जिंकले.

लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात. अमक्याचा अमकीशी विवाह ठरला आहे, कोणाला काही अडथळा ठाऊक असल्यास धर्मगुरूंना कळवावा. पहिल्या रविवारी आईचं नाव पुकारलं आणि मिस्सा संपल्यावर मी तडक फादरांच्या ऑफिसात गेले. म्हटलं, मला अडथळा सांगायचा आहे. फादरांनी मला बसवलं आणि शांतपणे विचारलं. दोघांपैकी कोणाचा जोडीदार हयात आहे का? नाही. जवळचं नातं? नाही. कोणी जबरदस्ती करतंय? नाही. मग अडथळा काय? मी म्हटलं, ते आमच्यातले नाहीत. कोळीवाड्यातले आहेत. ते 'पानी' म्हणतात.

बोलले आणि माझंच मला ऐकू आलं. हुबेहूब दहा नंबर बाई. पण सोळाव्या वर्षी माणूस चुकलं तरी मागे हटत नाही, म्हणून मी हनुवटी वर करून बसून राहिले. फादरांनी टेबलाच्या खणातून एक चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. सुवाच्य अक्षर, ओळखायला वेळ लागला नाही.

"सुमतीसाठी तू मिस्सा सांगितलीस, लुसी," ते म्हणाले. "आता आईसाठी सांगायची असेल तर हेतू काय लिहू? लग्न मोडावं म्हणून?"

मी तिथून उठले आणि घरी आले. पण घरी येऊन गप्प राहिले असते तर ती मी कसली. भर जेवणात सांगून टाकलं की मी फादरांकडे अडथळा नोंदवायला गेले होते. आईचा घास हातात राहिला. ती चिडली असती, लाटणं घेऊन मागे लागली असती तर मला बरं वाटलं असतं. तिचा राग मला तोंडपाठ होता. ती काहीच बोलली नाही. आठवडाभर बोलली नाही. दुसऱ्या रविवारी नावं पुकारली तेव्हा तिने मान वर केली नाही, आणि घरी आल्यावर आजोबांना म्हणाली, "शुक्रवारी मी फादरांकडे जाऊन थांबवते. तिसरा रविवार नको." ओटीवरचं मशीन त्या दिवसापासून बंद पडलं. सकाळी मी जागी व्हायची आणि घर गप्प असायचं.

मंगळवारी आजोबांनी मला वाडीत बोलावलं. सुकेळी उलटायची होती. ती एकेक करून उलटतात, घाई केली तर साल फाटते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तो तुझा बाप होता, खरं आहे. पण लुशे, तो माझं पोर होता. मला चालतंय. तुला काय बोचतंय ते एकदा नीट सांग." मी म्हटलं, आई गेली तर आपण काय करायचं? ते म्हणाले, जाते कुठे, आग्नेल इथे राहायला येणार आहे, मी अटच घातलीय. आणि मग, मी हसेन म्हणून, ॲंटेनाकडे बोट दाखवलं. मी हसले नाही, पण पुढची दहा केळी उलटीपर्यंत हसू दाबायला त्रास पडला. एवढं होऊनही मी आईपाशी गेले नाही. हट्ट हा आमच्या घराण्यात बाप्तिस्म्याबरोबरच देतात.

मग तो गुरुवार आला. सुमतीचं लग्न. ओटीवर पाय ठेवायला जागा नाही, फादर खुर्चीवर, रेमेदमावशी नवं लुगडं नेसून आलेली, जणू तिलाच आमंत्रण. ॲंटेना फिरवणारं कोणी नव्हतं, त्यामुळे सगळं लग्न मुंग्यांतून दिसत होतं. तरी कोणाची तक्रार नाही. भाऊसाहेब सुनेला बोहल्यापर्यंत घेऊन आले, दहा नंबर बाई अक्षता टाकता टाकता रडल्या आणि रडता रडता विचारू लागल्या की जेवायला काय आहे. ओटी हसत होती, टाळ्या वाजवत होती. मी हात वर केले आणि माझे हात एकमेकांवर आपटेनात. खरंच सांगते. मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

आई स्टोव्हशी होती. फुगे तळून झालेले, कढई उतरवलेली, तरी ती तिथेच उभी. बाहेरचं हसणं आत येत होतं. मी विचारलं, आणि अजूनही भांडायच्याच आवाजात विचारलं, की तू हो म्हटलंसच का?

"तुझ्यामुळे," आई म्हणाली.

मला कळेना. ती माझ्याकडे न बघता झारा पुसत बोलत होती.

"दोन वर्षं ते विचारत होते, आणि दोन वर्षं मी नाही म्हणत होते. पोर मोठी होतेय, तिला काय वाटेल. मग त्या दिवशी सुमती हो म्हणाली आणि तू नाचलीस. मी आतून बघत होते. रेमेदला घेऊन गरगर फिरत होतीस. मला वाटलं, हिला चालतंय. हिला आनंद होईल." झारा पुसून कधीच झाला होता. "दुसऱ्या दिवशी मी त्यांना हो म्हटलं."

मी तिथेच रडायला लागले. आता मी स्वतः आई आहे, आजी आहे, पोरांनी मला पुष्कळ लागेल असं बोलून झालंय, पण माझ्या मनाला इतकं लागलेलं दुसरं काही आठवत नाही. ती माझ्या टाळ्यांवर विसंबली होती, आणि मी त्या टाळ्या परत मागायला फादरांकडे गेले होते. नाक ओढत मी विचारलं, "तुला आवडतात ते?"

"आवडतात तर," आई म्हणाली. सुमतीला एवढं सांगायला तीन आठवडे आणि दोन भाषणं लागली होती.

मी तिच्या कमरेला मिठी मारून म्हटलं, उद्या फादरांकडे जाऊ नकोस. ती म्हणाली, आधी नाक पूस, माझ्या पदराला नको. तेवढ्यात ओटीवरून आजोबांनी हाक मारली की फुगे कुठे राहिले, नवरी सासरी निघाली.

आताच्या मालिकांत बायका रडतात तेव्हा तीन बाजूंनी कॅमेरा फिरतो आणि ढगांचा गडगडाट होतो. नात बघते, मीही तिच्याजवळ बसते. त्यांच्यात विषय मोठमोठे असतात, हसू मात्र शोधावं लागतं. 'बिऱ्हाड नंबर अकरा'ने गाव सुधारलं असं मी म्हणणार नाही. रेमेदमावशीने मोठ्या नातवाच्या लग्नात पुन्हा यादी केलीच. पण आमच्या ओटीवर हसताना माणसं जे मान्य करून बसली, ते नंतर नाकारताना त्यांना लाज वाटायची. मला तरी वाटली.

तिसरा रविवार. आई आणि मी पुढून चौथ्या बाकावर, आजोबा पलीकडे पुरुषांत, त्यांच्या शेजारी आग्नेलकाका, इस्त्रीच्या सदऱ्यात आणि घामात. फादरांनी नावं पुकारली. कोणाला काही अडथळा ठाऊक असल्यास, म्हणाले, आणि थांबले. पहिले दोन रविवार ते थांबले नव्हते. माझ्याकडे बघत नव्हते, कागदाकडे बघत होते, पण पुढचं वाक्यही वाचत नव्हते. मी उभी राहिले. आईने घाबरून माझी ओढणी खाली खेचली. तिला वाटलं, ही पुन्हा काहीतरी करणार.

"काही अडथळा नाही, फादर," मी मोठ्याने म्हटलं. "मीच आले होते, म्हणून मीच सांगते."

आमच्या चर्चमध्ये त्या वेळी कोणी उभं राहून बोलत नाही. आधी कोणी बोललं नव्हतं आणि माझ्यानंतरही कोणी बोललेलं नाही. बायकांचे बाक हसले, मग पुरुषांचे. आजोबा भर चर्चमध्ये 'शाब्बास' म्हणाले. आग्नेलकाकांनी रुमाल काढून तोंड पुसलं आणि तो तोंडावरच ठेवला. आई पदरात तोंड घालून आधी रडली, मग हसली, आणि मी खाली बसते न बसते तोच तिने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तिच्या लग्नाच्या फोटोतही तो डाग दिसतो.